‘शेवट पटला नाही!’

पडद्यावर ‘समाप्त’ अशी अक्षरे उमटली म्हणजे गोष्ट संपली, असे आपण समजतो. पण खेड्यातील प्रेक्षकाच्या बाबतीत ते तितकेसे खरे नाही. गोष्ट संपते तेव्हाच तिच्यावरील खटला उभा राहतो. घरी परतणारी मंडळी वाटेतच न्यायासन मांडतात. कोणी म्हणतो, नायकाने असे करावयास नको होते. कोणी विचारतो, त्या बिचाऱ्या आईचे काय चुकले होते? आणि अखेरीस कोणीतरी तो ठराविक निकाल देतोच: “बाकी सगळे झकास होते हो, पण शेवट पटला नाही!” या लहानशा वाक्याविषयी आज वाचकांशी दोन शब्द बोलावेत, असे मनात आहे.

हिंदी चित्रपटांच्या चाहत्यांची मते हा काही विचार करण्याजोगा विषय आहे काय, असे काही सुज्ञ वाचकांना वाटेल. चाहता म्हणजे नटनटींच्या नावाने वेडा झालेला माणूस, त्याला कथेचे काय कळते, अशी आपली समजूत असते. तथापि गेली काही वर्षे मी ही मते कान देऊन ऐकत आलो आहे, आणि माझा अनुभव निराळा आहे. चाहता नटावर भाळतो हे खरे. परंतु कथेने त्याला फसविले, तर तो आवडत्या नटालाही क्षमा करीत नाही.

आमच्या सीमाभागातील वडीलधाऱ्यांनी पहिले बोलपट पाहिले ते जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर बसून. आमच्या पिढीने ते पाहिले दूरदर्शनवर, ज्याच्या घरी संच असेल त्याच्या पडवीत, शेजाऱ्यांच्या गर्दीत. आजची मुले ते पाहतात मोबाईलवर, कानात यंत्र घालून, एकेकटी. आता चित्रपट संपला तरी खटला उभा राहत नाही. कारण शेजारी बसलेला साक्षीदारच नाही. म्हणून आमच्या धर्मग्रामात पावसाळ्यात, भातलावणी उरकली की, महिन्यातून एका रविवारी सभागृहात एखादा जुना हिंदी चित्रपट दाखविण्याचा प्रघात आम्ही पाडला. नंतर चहा होतो आणि चहाबरोबर चर्चा. पुढे जे लिहीत आहे ते बहुतांशी त्या चर्चांतून उचललेले आहे.

पहिला मान आम्ही दिला तो व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ सालच्या चित्रपटाला. शांताराम मूळचे आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे, कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि कथेचे बीज औंध संस्थानात स्वतंत्रपूर येथे झालेल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगाचे. आदिनाथ नावाचा तुरुंगाधिकारी खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना एका ओसाड माळावर नेतो आणि बेड्यांवाचून, केवळ विश्वासाच्या बळावर, त्यांना शेतकरी बनवितो. त्यांची भाजी बाजारात स्वस्त विकली जाऊ लागते, तेव्हा पोट दुखणारा व्यापारी उभ्या पिकाचा नाश करू पाहतो. आणि मोकाट बैलाशी झुंजताना आदिनाथ प्राणाला मुकतो. या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले, १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात ‘रौप्य अस्वल’ मिळाले, आणि आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेनेही त्याच महोत्सवात त्याचा गौरव केला.

एवढे मानसन्मान मिळविलेल्या चित्रपटाचा शेवट आमच्या सभागृहात मात्र पुष्कळांना पटला नाही! “एवढा देवमाणूस, त्याला का मारावे?” असा एकच सूर निघाला. तेव्हा एक वृद्ध शेतकरी, ज्यांना आम्ही सारे तात्या म्हणतो, ते शांतपणे म्हणाले, “धनी बांधावर उभा असला की गडी काम करतोच. धनी गेल्यावर जो करतो, तो खरा गडी. साहेब जिवंत राहिला असता तर त्या सहांचे खरे रूप आम्हांला कसे कळले असते?” आदिनाथाच्या मागे ते सहाजण पळून जात नाहीत, त्याचे डोळे जणू त्यांच्यावर राखण करीत राहतात. तात्यांनी एका वाक्यात त्या मरणाचे प्रयोजन सांगितले. त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालेले आहे.

येथे मला सेमिनरीतील अभ्यासाची आठवण झाली. ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने नाट्यकथेविषयी लिहिताना दोन गोष्टी बजावून सांगितल्या आहेत. एक अशी की, कथेचा शेवट कथेच्या पोटातूनच यावा. बाहेरून आणून चिकटवू नये. दुसरी अशी की, सज्जनांचे भले आणि दुर्जनांचे वाईट असा सरळ हिशेब चुकता करणारा शेवट लोकांना प्रिय असला तरी तो उत्तम प्रतीचा नव्हे. नाटककार प्रेक्षकांच्या दुबळेपणाला शरण जातो तेव्हा असा शेवट घडतो. आपल्याकडे भरतमुनींनी कथेच्या पाच अवस्था सांगितल्या आणि शेवटच्या अवस्थेला ‘फलागम’ असे नाव दिले. फळ झाडाला धरलेले असावे, बाजारातून आणून फांदीला बांधलेले नसावे, असा अर्थ त्या शब्दातून आपणांस सहज काढता येईल. दोन दूरच्या देशांतील हे दोन आचार्य; पण तात्यांचे बोलणे दोघांनाही मान्य झाले असते, असे मला वाटते.

दुसऱ्या खेपेस मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’ दाखविला. हाही १९५७ सालचाच. आपल्याच ‘औरत’ या १९४० सालच्या चित्रपटाची कथा मेहबूब यांनी त्यात नव्याने सांगितली. दोन्ही चित्रपटांत सावकार सुखीलालाचे काम कन्हैयालाल या एकाच नटाने केले आहे. त्याची ती चोपडी, ते गोड बोलणे आणि ते कधी न फिटणारे व्याज पाहताना आमचे म्हातारे शेतकरी पुन्हा पुन्हा उसासे टाकीत होते. राधाचा धाकटा मुलगा बिरजू त्या चोपडीचा सूड म्हणून डाकू होतो, सावकाराला मारतो आणि त्याच्या मुलीला लग्नाच्या दिवशी पळवून नेऊ लागतो. तेव्हा जन्मदात्री राधाच त्याच्यावर गोळी झाडते.

चर्चेला आरंभ होताच पुरुषांचा आणि स्त्रियांचा असा उभा भेद पडला. पुष्कळ पुरुषांचे म्हणणे, “सावकाराला मारले ते ठीकच झाले, आईने एवढे कठोर व्हावयास नको होते.” स्त्रियांचे म्हणणे वेगळे. एक बाई ताडकन उठून म्हणाल्या, “सावकारावर राग होता तर त्याची मुलगी कशाला? तिने कोणती चोपडी लिहिली होती?” या प्रश्नाला उत्तर देण्यास कोणी धजले नाही. कथेचा सारा भार कोठे आहे ते त्या बाईंनी अचूक ओळखले होते. बिरजूचे दुःख खरे आहे आणि त्याचा रागही न्याय्य आहे. पण तो राग एका निरपराध मुलीच्या अंगावर येतो तेव्हा राधा केवळ बिरजूची आई राहत नाही. गोळी झाडल्यावर ती धावत जाऊन त्याला कवटाळते. ती त्याच्यावर प्रेम करीत नव्हती, असे कोणीही म्हणू शकणार नाही.

तिसरा चित्रपट होता यश चोप्रा यांचा १९७५ सालचा ‘दीवार’. त्याची कथा लिहिणारी जोडी सलीम-जावेद यांची. सलीम खान हे इंदूरचे, तर जावेद अख्तर यांचा जन्म ग्वाल्हेरचा; म्हणजे जेथे आपली मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या नांदत आली आहेत, त्याच दोन शहरांचे हे दोन कथाकार. बापावर आलेल्या बदनामीची खूण लहानपणी ज्याच्या हातावर गोंदली गेली, तो थोरला भाऊ विजय तस्कर होतो. धाकटा रवी पोलीस अधिकारी होतो. आई तस्कराचा वाडा सोडून प्रामाणिक मुलाच्या लहानशा घरी राहावयास जाते. शेवटी रवी विजयला पकडण्यास निघतो तेव्हा ती आपल्या हाताने त्याला पिस्तूल देते. आणि मग विजयची वाट पाहण्यासाठी स्वतः देवळात जाऊन बसते. भावाच्या गोळीने घायाळ झालेला विजय तिच्या मांडीवर प्राण सोडतो.

या चित्रपटाला तरुणांची गर्दी होती. अमिताभ बच्चन यांचा विजय आज पन्नास वर्षे उलटली तरी त्यांना आपला वाटतो. “चूक समाजाची आणि शिक्षा विजयला, हा कसला न्याय?” असे एक तरुण म्हणाला. यावर एक आजोबा म्हणाले, “उधळ्या पुत्राच्या बापाने पिस्तूल नव्हते पाठविले, तो वाटेकडे डोळे लावून बसला होता.” लगेच दुसऱ्याने आक्षेप घेतला, “आजोबा, तो मुलगा घराकडे परत निघाला होता. हा कोठे निघाला होता?” त्यावर तरुणांनी आठवण करून दिली की, विजयही शरण जाण्याच्या विचारात होता, पण त्याच्या प्रेयसीचा खून झाला आणि तो पुन्हा सूडाकडे वळला. वाद रंगात आला. आईने पिस्तूल द्यावे की देऊ नये, या एका प्रश्नावर सभागृह दुभंगले.

मागच्या बाकावर एक माउली बसली होती. तिचा थोरला मुलगा शहरात एका गुन्ह्यात सापडला असून तुरुंगात आहे. हे साऱ्या गावाला ठाऊक आहे आणि म्हणूनच त्याविषयी तिच्याशी कोणी बोलत नाही. किंबहुना तिच्या दारावरून जाताना लोक पावले उचलतात. तिच्या संमतीने हे लिहीत आहे. वाद चालू असताना ती उभी राहिली आणि म्हणाली, “पिस्तूल दिले ते कामावर निघालेल्या मुलाला. देवळात गेली ती दुसऱ्या मुलासाठी. दोन्ही पोरे तिचीच ना? तुम्ही एकच पोर धरून बोलता.” थोडे थांबून ती पुढे म्हणाली, “पोलीस आले तेव्हा मी त्याला लपविले नाही. पण त्याची तसबीर भिंतीवरून काढलीही नाही. लोक म्हणतात, काढ. मी काढणार नाही.”

सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मग शेजारच्या बाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसविले, आणि त्या रात्री तिला घरापर्यंत सोडावयास तीन-चार जणी गेल्या. पुढल्या आठवड्यात तिच्याबरोबर तुरुंगाच्या भेटीला जाण्यासाठी तिचा दीर तयार झाला. दोन वर्षांत तो कधी गेला नव्हता.

वाचकहो, मला सांगावयाचे आहे ते हेच. ‘दीवार’ने त्या माउलीला काही नवे शिकविले नाही, तिला ते आधीच ठाऊक होते. पण जे गावात उघडपणे बोलण्याची सोय नव्हती, ते एका गोष्टीतल्या आईच्या निमित्ताने तिला बोलता आले. स्वतःच्या मुलाविषयी ती बोलली असती तर लोकांनी माना फिरविल्या असत्या. पडद्यावरच्या मुलाविषयी बोलली म्हणून सर्वांनी ऐकून घेतले. ‘शेवट पटला नाही’ असे जेव्हा आपल्या घरातील कोणी म्हणते, तेव्हा पुष्कळदा त्या वाक्याच्या मागे असे एखादे न बोललेले दुःख, एखादा राग, एखादी भीती उभी असते. आपण ‘चल, वेड्या, तो नुसता सिनेमा!’ असे म्हणून त्या बोलणाऱ्याचे तोंड बंद करतो आणि आतला माणूस आपल्याला भेटता भेटता राहून जातो.

आता चौथ्या चित्रपटाविषयी. ‘शोले’ हा चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक रमेश सिप्पी. कथा पुन्हा सलीम-जावेद यांचीच. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. ज्याचे दोन्ही हात गब्बरने तोडले तो ठाकूर अखेरीस गब्बरला पायांखाली तुडवून ठार मारतो, असा त्याचा मूळ शेवट होता. देशात तेव्हा आणीबाणी होती. सेन्सॉर मंडळाने हरकत घेतल्यामुळे तो शेवट बदलावा लागला आणि ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असे दाखविण्यात आले. मूळ शेवट असलेली पुनरुद्धारित प्रत २०२५ साली इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखविली गेली. म्हणजे एकाच कथेचे दोन शेवट, आणि प्रेक्षकाने निवड करावी!

एक तरुण म्हणाला, “फादर, तीन तास ठाकूरच्या हातांची गोष्ट सांगायची आणि शेवटी हात पोलिसांचा दाखवायचा?” आमच्यातील एक निवृत्त पोलीस हवालदार त्यावर म्हणाले, “ठाकूरही पोलीसच होता. उद्या ज्याचा त्याने सूड घ्यावयाचा ठरविला, तर आम्ही गणवेश कशासाठी घातला होता?” दोघांचेही बरोबर होते, कारण दोघे दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. कथा म्हणून पटणे ही एक गोष्ट, आणि कृत्य म्हणून पटणे ही दुसरी. कथा म्हणून मला स्वतःला मूळ शेवटच खरा वाटतो, कारण तो कथेच्या पोटातून येतो. पोलीस बाहेरून येतात. पण ठाकूरने जे करावयास हवे होते ते मात्र बदललेल्या शेवटातच आहे. माणूस एखाद्या सूडाची कथा मनापासून ऐकू शकतो आणि तरीही सूडाला नाही म्हणू शकतो.

हा भेद आईबापांनी ध्यानात ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मुलाला विजय आवडला म्हणजे मुलगा तस्कर होण्याच्या वाटेला लागला, असे होत नाही. त्याला विजयमध्ये काय आवडले ते विचारावे. कदाचित अपमान गिळून न घेणे आवडले असेल; कदाचित आईवरचे प्रेम आवडले असेल. उलट, नायकाने केले म्हणून सारेच बरोबर, असे जर तो म्हणत असेल, तर तेथे बोलण्याची खरी गरज आहे. आवडत्या नटाने केलेले कृत्य दुसऱ्या एखाद्याने, आपल्या गल्लीत, आपल्या बहिणीच्या बाबतीत केले असते तर? एवढा एक प्रश्न पुरे असतो.

‘शोले’च्या चर्चेत सर्वांत मार्मिक मत दिले ते एका तरुण विधवेने. ती म्हणाली, “गब्बर मेला की तुरुंगात गेला, याचे तुम्हांला एवढे. राधाचे काय झाले ते कोणी विचारीत नाही.” कथेतील राधा ही ठाकूरची विधवा सून. जय आणि ती यांच्या मनांत एकमेकांविषयी ओढ उत्पन्न होते, आणि तिच्या पुनर्विवाहासाठी ठाकूर तिच्या वडिलांची संमतीही मिळवितो. मग लढाईत जय मरतो आणि राधा आपल्या खोलीची खिडकी पुन्हा बंद करून घेते. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर आरंभी प्रतिसाद थंड दिसला तेव्हा जयला जिवंत ठेवावे काय, असा विचार निर्मात्यांच्या बैठकीत झाला होता. पण तो अमलात आला नाही. जयचे मरण प्रेक्षकांच्या काळजाला भिडले हे खरे आहे. तथापि आमच्या त्या बहिणीचा आरोपही खोटा नाही. विधवेच्या लग्नाचा प्रश्न कथेने उभा केला आणि त्याचे उत्तर देण्याची वेळ येताच नवरदेवालाच मारून टाकले. जे धैर्य ठाकूरने दाखविले, ते कथेने दाखविले नाही. असंख्य लोकांनी पाहिलेल्या चित्रपटातील ही उणीव तिने सहज दाखवून दिली, कारण बंद खिडकीच्या आतली खोली तिला माहीत आहे. तिचे वडील त्या दिवशी सभागृहात बसले होते. त्यांनी मान खाली घातली. त्या घरात पुढे काय बोलणे झाले ते सांगण्याचा अधिकार मला नाही. बोलणे झाले, एवढे मात्र मला माहीत आहे.

म्हणून कुटुंबांना माझी एवढीच सूचना आहे. महिन्यातून एक चित्रपट तरी घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहावा, आजीपासून नातवापर्यंत. नवा असो की जुना, त्याची फारशी चिंता करू नये. मात्र लहान मुले सोबत असतील तर निवड जपून करावी. चित्रपट संपल्यावर दिवे लावावेत, दूरचित्रवाणी बंद करावी आणि अर्धा तास कोणी उठू नये. प्रथम मुलांनी बोलावे, मग स्त्रियांनी, आणि घरातील कर्त्या पुरुषाने सर्वांत शेवटी. कारण तो आधी बोलला की बाकीच्यांचे निकाल आपोआप बदलतात, हे आम्ही सभागृहात पाहिले आहे. कोणी ‘शेवट पटला नाही’ असे म्हटले तर हसू नये. ‘मग तू कसा केला असतास?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. उत्तर लगेच येणार नाही. काही घरांत ते त्या रात्री येणारही नाही. चार दिवसांनी भाकरी थापताना किंवा गोठ्यात धार काढताना येईल. तेव्हा हातातले काम न थांबविता, पण कान देऊन, ते ऐकावे.